अक्षरांच्या कुलपातील शोध

इंग्रजीतील हे पाच शब्द पाहा : लिसन, सायलेंट, एनलिस्ट, इनलेट्स आणि टिन्सेल. पहिल्याचा अर्थ ऐकणे, दुसऱ्याचा निःशब्द, तिसऱ्याचा भरती करणे, चौथ्याचा पाणी आत शिरण्याच्या वाटा आणि पाचव्याचा सजावटीची चकचकीत जर. देवनागरीत लिहिल्यावर या शब्दांचे एकमेकांशी काही नाते असेल अशी शंकाही येत नाही. पण हेच शब्द फळ्यावर रोमन लिपीत लिहिले, की गंमत दिसते. पाचही शब्दांत तीच सहा अक्षरे आहेत : ई, आय, एल, एन, एस आणि टी. एकही अक्षर कमी नाही, एकही जास्त नाही. बदलला आहे तो फक्त त्यांचा क्रम.

एका शब्दाची किंवा वाक्याची सर्व अक्षरे वापरून, त्यांची नुसती अदलाबदल करून दुसरा शब्द किंवा वाक्य तयार केले, तर त्याला इंग्रजीत ॲनाग्रॅम म्हणतात. मराठीतही असे शब्द सापडतात. 'गरम' आणि 'मगर', 'गरज' आणि 'गजर', 'नवस' आणि 'वसन' या जोड्या घ्या. वाल्या कोळ्याच्या कथेतील 'मरा मरा' आणि 'राम राम' तर सर्वांनाच ठाऊक आहे. मात्र आपल्या लिपीत काना-मात्रा व्यंजनाला चिकटून राहतात, त्यामुळे अशा जोड्या रोमन लिपीइतक्या सहज जुळत नाहीत.

शब्दकोशातून असे गट शोधून काढण्याची एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लावायची. वरच्या पाचही शब्दांतून मग एकच ओळ मिळते : ई-आय-एल-एन-एस-टी. ही ओळ म्हणजे त्या गटाची खूण. ज्या शब्दांची खूण सारखी, ते शब्द एका गटाचे. संगणकाला असे गट शोधायला सांगतात तेव्हा तोही बहुधा हीच युक्ती वापरतो.

या युक्तीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शब्दावरून खूण काढणे क्षणाचे काम आहे, पण खुणेवरून शब्द ओळखणे अवघड. शिवाय खुणेवरून मूळ शब्द नेमका कोणता होता हे ठरवता येत नाही, कारण एकाच खुणेचे पाच शब्द असू शकतात. अक्षरे कोणती आणि किती, एवढे खूण राखते. क्रम मात्र ती फेकून देते, आणि अर्थ तर क्रमातच असतो.

आज हा खेळ वर्तमानपत्रांच्या कोड्यांपुरता उरला आहे. सतराव्या शतकातील युरोपात मात्र त्या काळचे काही थोर वैज्ञानिक तो अतिशय गंभीरपणे खेळत होते. शनीचे कडे, स्प्रिंगचा नियम आणि कलनशास्त्र यांच्या इतिहासात अशा अक्षरखुणा दडल्या आहेत. त्या का वापराव्या लागल्या आणि पुढे का टाकून द्याव्या लागल्या, हे पाहणे आपल्याला उपयोगाचे आहे.

अडचण काय होती?

समजा, एखाद्याला १६१० साली आकाशात काही नवे दिसले. ते लगेच सगळ्यांना सांगावे, तर कोणीतरी म्हणणार, "हे तर मी आधीच पाहिले होते." न सांगता आणखी निरीक्षणे करत बसावे, तर तेवढ्यात दुसरा कोणी ते पाहून जाहीर करणार. त्या काळी वैज्ञानिक नियतकालिके नव्हती. लेख कोणत्या तारखेला पोचला याची नोंद ठेवणारी संस्था नव्हती. शोधांच्या बातम्या खासगी पत्रांतून फिरत किंवा पुस्तकांतून छापल्या जात, आणि पुस्तक छापायला वेळ लागे. दरबारी आश्रय मिळवायचा तर पहिलेपणाचा मान महत्त्वाचा असे.

यावर उपाय म्हणून शोध एका लॅटिन वाक्यात लिहायचा, त्या वाक्याची अक्षरे विस्कटायची आणि तो ढीग पत्रातून चारचौघांना पाठवायचा, असे सुरू झाले. शोध कोणाला कळत नाही, पण तारीख मात्र पत्रावर राहते. पुढे खात्री झाली की मूळ वाक्य जाहीर करायचे. अक्षरे मोजून पाहा, जुळतात की नाही!

गॅलिलिओचे कोडे, केप्लरची उकल

गॅलिलिओने मार्च १६१० मध्ये दुर्बिणीतून केलेली आपली पहिली निरीक्षणे प्रसिद्ध केली. गुरूचे चार उपग्रह त्यात होते. त्याच उन्हाळ्यात त्याने दुर्बीण शनीकडे वळवली आणि त्याला काहीतरी विचित्र दिसले. प्राग येथे असलेल्या तस्कनीच्या राजदूताला त्याने ३७ अक्षरांची एक ओळ पाठवली. सुरुवात अशी : एस, एम, ए, आय, एस, एम, आर, एम, आय, एल... अर्थ काहीच लागत नव्हता.

प्रागमध्येच सम्राट रुडॉल्फचा राजगणिती योहान्नेस केप्लर राहत होता. कोडे पाहून तो स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. बरीच खटपट करून त्याने त्या अक्षरांतून एक लॅटिन ओळ जुळवली. मंगळाच्या जुळ्या अपत्यांना त्या ओळीत नमस्कार केलेला होता. म्हणजे, मंगळाला दोन उपग्रह आहेत! ओळीतला एक शब्द लॅटिनमध्ये नीट बसत नव्हता, पण ३७ अक्षरे तंतोतंत जुळत होती.

१३ नोव्हेंबर १६१० च्या पत्रात गॅलिलिओने स्वतःच उकल कळवली. त्याचे वाक्य असे होते : सर्वांत उंचावरचा ग्रह मी तिहेरी असलेला पाहिला. त्या वेळी ज्ञात असलेल्या ग्रहांपैकी सर्वांत दूरचा ग्रह म्हणजे शनी. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान गोल चिकटून असल्यासारखा गॅलिलिओला दिसला होता. मंगळाचा या साऱ्याशी काहीही संबंध नव्हता.

केप्लरला मंगळच का सुचला? त्याचे उत्तर त्याच्याच लेखनात आहे. त्याच वर्षी, काही महिने आधी, गॅलिलिओच्या पुस्तकाला उत्तर देताना त्याने लिहिले होते, की मंगळाला दोन उपग्रह असावेत असे प्रमाणबद्धतेवरून वाटते. पृथ्वीला एक, गुरूला चार, तर मधल्या मंगळाला दोन, असा त्याचा हिशेब. जे सापडावे असे मनात होते, तेच त्याला अक्षरांच्या ढिगात सापडले.

पुढची गोष्ट आणखी मजेची आहे. जोनाथन स्विफ्टने १७२६ साली गलिव्हरच्या प्रवासांच्या काल्पनिक कथेत मंगळाला दोन उपग्रह असल्याचे लिहिले. आणि ऑगस्ट १८७७ मध्ये असाफ हॉल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाला मंगळाचे दोन उपग्रह खरोखरच सापडले! म्हणजे केप्लरची उकल चुकीची, पण तिच्यातील विधान बरोबर. उलट गॅलिलिओची उकल खरी, पण तिच्यातील विधान चुकीचे, कारण शनी तिहेरी नाही. १६१२ साली शनीच्या बाजूचे ते दोन गोल दिसेनासे झाले आणि गॅलिलिओ स्वतःच बुचकळ्यात पडला. अक्षरखुणेने त्याचा पहिलेपणा राखला होता. निरीक्षणाचा अर्थ बरोबर आहे की नाही, हे ती सांगू शकत नव्हती.

डिसेंबर १६१० मध्ये गॅलिलिओने दुसरे कोडे पाठवले. या वेळी त्याने अक्षरे अशी लावली, की वरवर एक अर्थपूर्ण वाक्य दिसावे. शेवटी दोन अक्षरे तेवढी उरली. १ जानेवारी १६११ च्या पत्रात त्याने त्याची उकल दिली. प्रेमदेवतांची माता, म्हणजे शुक्र, चंद्राच्या आकारांची नक्कल करते असा तिचा आशय होता. शुक्राला चंद्रासारख्या कला आहेत, आणि तो जवळजवळ पूर्ण प्रकाशितही दिसतो. टॉलेमीच्या मांडणीत शुक्र नेहमी सूर्याच्या अलीकडे राहत असल्याने असे दिसणे शक्यच नव्हते. शुक्र सूर्याभोवती फिरतो हे त्यावरून ठरले. विश्वाच्या जुन्या कल्पनेला बसलेल्या मोठ्या धक्क्यांपैकी हा एक, आणि तो काही आठवडे ३५ अक्षरांच्या आड लपून होता.

शनीभोवतीचे कडे

शनीचे गूढ उलगडले ते हायगेन्स या डच वैज्ञानिकाने. १६५५ साली त्याने शनीचा टायटन हा उपग्रह शोधला. १६५६ साली त्यावर छोटी पुस्तिका काढताना त्याने शनीच्या चमत्कारिक आकाराचे उत्तरही दिले, पण अक्षरखुणेच्या रूपात. या वेळी ढीग विस्कटलेला नव्हता, वर्णमालेच्या क्रमाने लावलेला होता : सात ए, पाच सी, एक डी, पाच ई... अशी एकूण ६२ अक्षरे. आपण वर पाहिलेली युक्ती तीच ही.

तीन वर्षांनी, १६५९ साली, त्याने मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून वाक्य उघड केले. शनीभोवती एक पातळ, सपाट कडे आहे, ते ग्रहाला कोठेही टेकलेले नाही आणि क्रांतिवृत्ताशी कललेले आहे. हे कडे कधी रुंद दिसते, तर कधी नेमके कडेने दिसून नाहीसे होते. गॅलिलिओच्या गोलांचे कोडे असे सुटले. येथे एक फरक जाणवतो. हायगेन्सचे म्हणणे लोकांना पटले ते त्याची ६२ अक्षरे जुळली म्हणून नव्हे. कडे पुढे कधी दिसेल, कधी अदृश्य होईल, याचे स्पष्टीकरण त्या ग्रंथात होते आणि ते कोणालाही दुर्बिणीतून तपासता येत होते.

स्प्रिंगचा नियम आणि चौदा अक्षरे

हूकचा नियम आपण नववी-दहावीपासून शिकवतो. हा नियम पहिल्यांदा छापला गेला तेव्हा तो कोणालाही वाचता आला नव्हता! रॉबर्ट हूकने १६७६ सालच्या एका पुस्तिकेत, शेवटच्या पानावरची मोकळी जागा भरण्यासाठी म्हणून, आपल्या काही शोधांची यादी दिली. त्यात स्थितिस्थापकतेचा खरा सिद्धांत म्हणून ही अक्षरे होती : सी-ई-आय-आय-आय-एन-ओ-एस-एस-एस-टी-टी-यू-व्ही.

ही चौदा अक्षरे किती प्रकारे मांडता येतील, याचा हिशेब वर्गात जरूर करून पाहावा. सर्व अक्षरे वेगळी असती तर चौदाचे क्रमगुणित, म्हणजे ८७१७ कोटींहून अधिक मांडण्या झाल्या असत्या. पण आय तीनदा, एस तीनदा आणि टी दोनदा आला आहे. म्हणून त्या संख्येला ६, ६ आणि २ यांनी भागायचे. उत्तर येते १२१ कोटी ८ लाख ९ हजार ६००. सेकंदाला एक या वेगाने अहोरात्र लिहीत बसलो, तरी ३८ वर्षांहून अधिक काळ लागेल. कुलूप तसे मजबूतच होते.

१६७८ साली हूकने स्वतःच ते उघडले : 'उत तेन्सिओ, सिक व्हिस'. जसा ताण, तसे बल. स्प्रिंग जितकी ताणावी, त्या प्रमाणात तिचे परत ओढणारे बल वाढते. हा सिद्धांत आपल्याला सुमारे अठरा वर्षांपूर्वीच सापडला होता, पण एका विशिष्ट कामासाठी तो वापरायचा असल्याने छापला नाही, असेही हूकने तेथे नोंदवले. हे काम काय असावे याचा अंदाज करणे अवघड नाही. स्प्रिंगवर चालणारे अचूक घड्याळ करण्याचा हूकचा प्रयत्न जुना होता. १६७५ साली हायगेन्सने चक्राकार स्प्रिंगचे घड्याळ जाहीर केले, तेव्हा ही कल्पना आपली आहे म्हणून हूकने मोठा वाद घातला. पण दाखवायला छापील पुरावा त्याच्याकडे कुठे होता?

त्याच पुस्तिकेत कमानीविषयीची दुसरी अक्षरखूण होती. ती हूकने जिवंतपणी उघडलीच नाही. १७०३ साली तो वारला आणि १७०५ साली त्याचे लेखन संपादित करणाऱ्या रिचर्ड वॉलरने तिचे वाक्य प्रसिद्ध केले. लोंबणारी लवचीक साखळी जो आकार घेते, तोच उलटा केला की दगडी कमानीचा स्थिर आकार मिळतो, असा त्याचा अर्थ. इमारती बांधणाऱ्यांना इतका उपयोगी पडणारा विचार जवळजवळ तीस वर्षे छापील पानावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर, पण कोणाच्याही उपयोगी न पडता पडून राहिला.

न्यूटन आणि लायब्निझ

अक्षरखुणेची सर्वांत महागडी गोष्ट न्यूटनची आहे. २४ ऑक्टोबर १६७६ रोजी न्यूटनने रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांच्यामार्फत लायब्निझला एक लांबलचक पत्र लिहिले. अनंत श्रेढींविषयी त्यात पुष्कळ काही होते. पण मुख्य पद्धतीपाशी येताच न्यूटनने अक्षरांचा आकडा दिला : सहा ए, दोन सी, एक डी, एक जोडअक्षर, तेरा ई, दोन एफ, सात आय... असे करत शेवटी बारा व्ही आणि एक एक्स.

यातील वाक्याचा अर्थ असा : बदलत्या राशींचे समीकरण दिले असता त्यांच्या बदलाचे दर काढणे, आणि उलट. आज आपण त्याला विकलन आणि संकलन म्हणतो. नीट पाहिले तर लक्षात येते, की कुलूप उघडूनही लायब्निझच्या हाती काही लागले नसते. वाक्यात प्रश्न आहे, तो सोडवण्याची रीत नाही.

लायब्निझला हे पत्र १६७७ च्या जूनमध्ये मिळाले. त्याने उत्तरात आपली विकलनाची पद्धत उघडपणे लिहून पाठवली आणि १६८४ साली ती छापलीही. न्यूटनचे वाक्य छापून बाहेर आले ते १६८७ साली, त्याच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात. पुढे आधी कोण, असा प्रश्न चिघळला. १७१२ साली रॉयल सोसायटीने त्यावर समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष होता स्वतः न्यूटन, आणि समितीच्या अहवालामागे त्याचाच हात होता. निकाल कोणाच्या बाजूने लागला हे सांगायला नको.

दोघांनीही कलनशास्त्र स्वतंत्रपणे शोधले, न्यूटनने आधी आणि लायब्निझने नंतर, पण लायब्निझने ते आधी प्रसिद्ध केले, असे इतिहासकार आज मानतात. या भांडणाची किंमत इंग्लंडच्या पुढच्या पिढ्यांना मोजावी लागली. लायब्निझची सोयीची चिन्हे नाकारून इंग्लंडचे बहुतेक गणिती न्यूटनच्या टिंबांना धरून राहिले आणि युरोपातील गणिताच्या मागे पडले. ते चित्र बदलण्यासाठी केंब्रिजमधील तरुणांना १८१२ साली एक मंडळ काढावे लागले.

कुलूप का टाकून दिले?

अक्षरखुणेत दोन दोष होते. एक तर एकाच ढिगातून अनेक वाक्ये निघू शकतात, हे केप्लरने नकळत दाखवून दिले होते. वाक्य जितके लांब, तितक्या अशा शक्यता अधिक. दुसरा दोष अधिक गंभीर. कोणी काय म्हटले होते एवढेच खूण सांगते. ते खरे का, हे सांगत नाही.

त्यावरचा उपाय याच शतकात आकार घेत होता. १६६५ च्या मार्चमध्ये ओल्डेनबर्ग यांनी रॉयल सोसायटीच्या वर्तुळातून 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. शोध लवकर छापायचा, तारखेची नोंद ठेवायची, आणि पहिलेपणाचा मान छापणाऱ्याला द्यायचा. म्हणजे सांगून टाकणाऱ्याचा तोटा नाही, फायदाच! ही प्रथा रुजायला वेळ लागला. ज्यांना खात्री होईपर्यंत थांबायचे असे, त्यांच्यासाठी पॅरिसच्या अकादमीत मोहोरबंद पाकीट ठेवण्याची सोय होती. जळताना गंधक आणि फॉस्फरस यांचे वजन वाढते, हे निरीक्षण लाव्हाजिएने १ नोव्हेंबर १७७२ रोजी असेच बंद पाकिटात लिहून ठेवले होते.

आज आमच्यासारखे संशोधन करणारे लोक लेख नियतकालिकाकडे पाठवतात, तेव्हा तो पोचल्याची तारीख लेखाबरोबर छापली जाते. भौतिकी व गणितातील लेख तर १९९१ पासून संगणकाच्या जाळ्यावरील खुल्या संग्रहात लगेच ठेवता येतात. संगणकशास्त्रात हूकच्या चौदा अक्षरांचा एक वंशजही आहे. एसएचए-२५६ सारखी रीत कोणत्याही मजकुरापासून एक छोटी खूण काढते. ती काढणे सोपे, तिच्यावरून मजकूर ओळखणे व्यवहारात अशक्य. फरक एवढाच, की येथे क्रम फेकून दिला जात नाही. 'गरम' चे 'मगर' केले की सगळी खूणच बदलते. त्यामुळे एकाच खुणेचे दोन मजकूर शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते. पहिला दोष असा दूर झाला. दुसरा मात्र कोणत्याही खुणेने दूर होणार नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

हे विद्यार्थ्यांना अनुभवातून कळावे म्हणून एक प्रयोग सुचवतो. हूकचा नियम शिकवण्यापूर्वी वर्गाचे चार-पाच गट करावेत. प्रत्येक गटाला एक स्प्रिंग, मोजपट्टी आणि सारखी वजने द्यावीत. एकेक वजन वाढवत स्प्रिंगची लांबी नोंदवायला सांगावे. मग प्रत्येक गटाने आपला निष्कर्ष एका वाक्यात लिहून त्याची अक्षरखूण फळ्यावर लावावी. काना-मात्रेसह एक अक्षर मोजायचे की व्यंजन आणि स्वर वेगळे, हे सर्वांनी मिळून आधी ठरवावे. तो वादही करण्यासारखा आहे.

दुसऱ्या दिवशी इतर गटांना त्या खुणांवरून वाक्ये जुळवू द्यावीत. केप्लरसारखी एखादी चुकीची पण बेमालूम उकल निघाली, तर तिचे कौतुक करावे. त्यानंतर सर्व गटांनी मूळ वाक्ये आणि त्यांच्या नोंदींचे तक्ते शेजारी शेजारी लावावेत. एखाद्या गटाने वजने फार वाढवून स्प्रिंग कायमची लांब केली असेल, तर त्यांचा तक्ता इतरांशी जुळणार नाही. तो का जुळत नाही, हा प्रश्न त्या दिवशी वर्गात सर्वांत जास्त रंगेल. आणि तो विचारता येईल, तो तक्ता उघडा आहे म्हणून.